नरसव्वाची टपाल

“सुनेत्रा, टपाल आली का गं?”

अण्णांचा हा आवाज यंत्रमागांच्या खडखडाटावर पाय देत यायचा. माणूस दिसायच्या आधी आवाज पोचायचा. सगळं आयुष्य मागांमध्ये बोलण्यात गेलेलं. घरी जेवताना अण्णांनी मीठ मागितलं तर पलीकडच्या गल्लीतली बाई मीठ घेऊन येते, असं आमचे कारकून हिरेमठकाका म्हणत. ईमेलला अण्णा शेवटपर्यंत टपालच म्हणाले. परदेशातली असो नाहीतर चौकातल्या बँकेची, टपाल ती टपाल.

“आली, अण्णा. पण निम्मी परत गेली.”

“परत का?”

“रात्री लाइट गेली होती. सर्व्हर बंद पडला.”

अण्णा माझ्या टेबलापाशी थांबले. खांद्यावरच्या टॉवेलानं मान पुसली. तो टॉवेल आमच्याच कारखान्यातला, पण दुय्यम मालातला. चांगला टॉवेल त्यांनी स्वतःसाठी कधी काढला नाही.

“म्हणजे दारात आलेला माणूस कुलूप बघून परत गेला, असंच झालं की हे.”

“तसंच झालं.”

“मग दार बदल.”

एवढ्यावर त्या कामाला सुरुवात झाली.

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरचा आमचा कारखाना, नरसव्वा टेक्स्टाईल. अण्णा त्याचे मालक. टर्किश टॉवेल विणायचे, रंगवायचे, काठ शिवायचे आणि बोटीनं परदेशी हॉटेलांना पाठवायचे. मी बार्शीची. कॉम्प्युटरची पदविका घेऊन नुकती तिथं लागले होते. बिलं छापायची, प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद ओढून काढायचा आणि सर्व्हरची काळजी घ्यायची, हे माझं काम. सर्व्हर म्हणजे एक करडा डबा. देवघराएवढ्या खोलीत तो रात्रंदिवस घरघरायचा. वर भिंतीवर नरसव्वाचा फोटो, म्हणजे अण्णांच्या आईचा. कपाळभर कुंकू, नाकात दोन्हीकडं चमक्या, आणि आत्ता काहीतरी बोलेल असे ओठ. सकाळी अण्णा फोटोला हार घालत आणि त्याच हातानं सर्व्हरला उदबत्ती ओवाळत. धूर आत जाऊन तो बिघडेल, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, “इतकी वर्षं खाल्लाय त्यानं धूर. आता बंद केला तर बिघडेल.”

त्या खोलीच्या मागं भिंत होती. भिंतीपलीकडं दुसरा कारखाना, त्याच्या पाटीवर नरसव्वा एक्स्पोर्ट. तो अण्णांच्या धाकट्या भावाचा, पुरुषोत्तमचा. एकाच छपराखालचा एक कारखाना मधोमध चिरून दोन केलेला. बाकी सगळं वाटून घेतलं, पण आईचं नाव सोडायला दोघंही तयार झाले नाहीत. त्यामुळं पाट्या दोन आणि आई एक.

आमच्याकडं काठ शिवणाऱ्या बाया ओळीनं शिलाई मशिनवर बसत. हात चालले की त्यांचा गळाही चाले. मी जात्यावरच्या ओव्यांत वाढलेली. माझी आई दळता दळता अख्ख्या गावाची खबर ओवीत बांधायची. त्यामुळं कान आपोआप तिकडं जायचा. एकदा त्यांतल्या एकीनं हळूच धरलं,

दोघं गं भाऊ भाऊ, एका ताण्याचं सूत
माय पुसते भिंतीला, कुण्या अंगाला माझा पूत

अण्णा तिथून चालले होते. बायांचा गळा एकदम आटला. अण्णांनी नुसता काठ हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, “टाका बारीक घाला.” ओवीबद्दल बोलले की टाक्याबद्दल, कुणाला कळलं नाही.

भांडण कशावरून झालं, ते मला हिरेमठकाकांनी सांगितलं. काका म्हणजे आमचे पत्रव्यवहाराचे कारकून. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजी पत्रं तेच लिहीत. दुपारच्या डब्यात कडक भाकरी मोडून शेंगाचटणीत बुडवत ते सांगू लागले.

“रंगाचं सगळं पुरुषोत्तमशेठ बघायचे. अण्णा त्यांना तम्मी म्हणायचे. त्यांच्या तेलुगूत तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. दिवसभर तम्मी इकडं ये, तम्मी हे बघ. मग एकदा लाल टॉवेलांचा कंटेनर गेला जर्मनीला. तिथल्या हॉटेलात पहिल्याच धुण्यात रंग सुटला. पांढऱ्या चादरी, पांढरे झगे, सगळं गुलाबी. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच, वर नावाला डाग. अण्णा मागांच्या मध्ये उभं राहून सगळ्यांदेखत ओरडले. ज्याला रंग कळत नाही त्यानं आईच्या नावाखाली उभं राहू नये, म्हणाले.”

“आणि पुरुषोत्तमशेठ?”

“एक शब्द नाही. कपाटातला जेवणाचा डबा घेतला आणि गेले. दुसऱ्या महिन्यात भिंत उभी राहिली.”

“पण माल त्यांनीच पास केला होता ना?”

“रंग त्यांच्याकडं, मग दुसरं कोण करणार? चटणी घे. बार्शीत असली मिळत नाही.”

तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. मी लागले तेव्हा भिंतीचा चुना जुना होऊन पोपडे सुटायला लागले होते.

तर, दार बदलायचं ठरलं. टपाल आपल्या डब्यात न ठेवता क्लाउडवर न्यायची, म्हणजे सोलापूरची लाइट गेली तरी टपालीचं दार उघडं राहील, असं मी अण्णांना समजावलं.

“ढगात ठेवणार?” हिरेमठकाका चष्म्यावरून बघत म्हणाले. “पोरी, सोलापुरात ढग कधी टिकलाय का? येतो, गुरगुरतो आणि तुझ्या बार्शीकडं निघून जातो.”

“मग मी बार्शीला जाऊन घेऊन येईन, काका.”

“जा. पण माझी पत्रं इथंच ठेवून जा.”

काकांची भीती खरी होती. टपाल नेणार कशी? जुन्या डब्यातल्या सगळ्या पेट्या जशाच्या तशा उचलून नव्या जागी नेणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि तसली सॉफ्टवेअरं बाजारात पुष्कळ. पुण्याच्या एका विक्रेत्याशी मी फोनवर बोलायची. त्याला सगळीच चांगली वाटत. शेवटी तीन निवडली आणि अण्णांपुढं त्यांची माहितीपत्रकं ठेवली.

अण्णांनी ती उलटीपालटी केली. “कागदावर सगळेच रंग पक्के असतात,” म्हणाले. “धुऊन बघितलंस का?”

ही आमच्या कारखान्याची रीत होती. नव्या रंगाचा टॉवेल आला की तो तीनदा धुवायचा. मग ओलाच पांढऱ्या कापडात गुंडाळून पिळायचा आणि कापड उन्हात धरायचं. कापडावर डाग उतरला तर माल दारातून हलायचा नाही, मग बाहेर गाडी उभी असो नाहीतर बोट सुटत असो. स्वतः अण्णा उन्हात उभे राहून कापड बघत. गिऱ्हाइकाला एकवेळ उशीर झालेला त्यांना चाले, न धुतलेला माल चालत नसे.

“सॉफ्टवेअर कसं धुणार, अण्णा?”

“एक पेटी घे. नमुन्याची. तिन्हींतून काढ. जे सांडतंय, जे सुटतंय, ते बघ. मगच सगळी टपाल हलव. एक पत्र, एक गिऱ्हाईक हरवायला नको. बाकी तुझं तू बघ.”

आज पुण्यात मी हेच काम करते, मोठमोठ्या कंपन्यांची टपाल इकडून तिकडं नेते. आमच्या हापिसात आवाज म्हणून कसला नाही. माणसं शेजारी बसून एकमेकांना मेल पाठवतात. तिथंही नवीन मुलांना मी सांगते की आधी नमुना धुवा. त्यांना वाटतं, ही कुठल्या तरी परदेशी पुस्तकातली पद्धत आहे.

अण्णा दुसऱ्या दिवशी करीमनगरला गेले, नात्यातल्या लग्नाला. गाडीही घेऊन गेले. मागं मी आणि हिरेमठकाका.

“काका, नमुन्याला तुमची पेटी घेऊ?”

“माझीच बरी सापडली. काही हरवलं तर परदेशातल्या लोकांना काय तुझं नाव सांगू?”

“मग अण्णांची?”

“नोकरी नको झालीय का तुला? पुरुषोत्तमशेठची घे की. मेलेली पेटी आहे. तिला काय दुखतंय?”

पुरुषोत्तमशेठच्या नावाची पेटी आमच्या सर्व्हरवर होती खरी. मी लागल्या लागल्या अण्णांना विचारलंही होतं, ही आता पुसून टाकू का म्हणून. अण्णा म्हणाले होते, “असू दे.” मला वाटलं, विसरले असतील. तिच्यात भाऊ होता तोवरची जुनी पत्रं होती आणि नंतर काहीच नव्हतं. घर सोडून गेलेल्या माणसाची खोली असते तशी. नमुन्याला त्याहून चांगलं काय मिळणार.

पहिलं सॉफ्टवेअर लावलं. पत्रं सगळी आली, पण प्रत्येक पत्रावर त्याच दिवसाची तारीख. दहा वर्षांचा व्यवहार एका सकाळी झाल्यासारखा दिसू लागला.

काका वाकून बघत म्हणाले, “रंग सुटला. पुढचं काढ.”

दुसऱ्यानं तारखा सांभाळल्या, पण कप्पे मोडले. नॉर्वे, जपान, रंगाचे नमुने, सगळं एका ढिगात.

“हे काठ उसवलेलं.”

तिसरं हळू चाललं. बैलगाडीसारखं. सोलापूरचं इंटरनेटही तेव्हा तसंच. पण सगळं जागच्या जागी उतरलं. तारखा, कप्पे, जोडलेले फोटो, अगदी काकांनी पुरुषोत्तमशेठना पाठवलेल्या दिवाळीच्या शुभेच्छापत्रातली मेणबत्तीसुद्धा लवलवत आली. काकांनी ती जरा जास्तच वेळ बघितली.

“हे घ्यायचं,” मी म्हटलं.

आणि घेतलंही आम्ही तेच. पण घेण्याआधी एक शेवटचं धुणं राहिलं होतं. जुनी पत्रं गेली, पण नवं पत्र आलं तर ते नव्या जागी उतरतं की नाही, ते बघायला हवं होतं. म्हणून मी त्या एका पेटीची येणारी टपाल जुन्या डब्याकडून काढून क्लाउडकडं वळवली. पेटी मेलेली, मीच घरून एखादं पत्र टाकून बघेन, असं मनात होतं.

सकाळी उघडते तर पेटीत टपाल पडलेली.

माझी नव्हे. नॉर्वेच्या एका हॉटेलवाल्याची. “प्रिय पुरुषोत्तम,” अशी सुरुवात. खाली आणखी एक, जपानची. दुपारी अजून एक आली. बंद घराच्या पायरीवर कुणी रोज ताजं दूध ठेवून जावं, तसं मला झालं.

“काका, ही पेटी मेलेली नाही.”

काकांनी खुर्ची ओढली. “पण जुन्या डब्यात तर काहीच नव्हतं ना? मग इतकी वर्षं हे जात कुठं होतं?”

मी जुन्या सर्व्हरच्या आत शिरले. पेटीच्या मागं, सहसा कुणी बघत नाही तिथं, एक सूचना लावून ठेवलेली होती. या पेटीत येणारं प्रत्येक पत्र पलीकडच्या नरसव्वा एक्स्पोर्टला पाठव, इथं ठेवू नको. माझ्याही आधीपासून लावलेली. पत्र आमच्या दारात यायचं, उंबऱ्यावर पाय टेकायचं आणि भिंतीपलीकडं जायचं.

काका लाल झाले. “नळाला पाइप जोडलाय शेजाऱ्यानं. बघितलंस? आपल्या नळाला. तुझ्या आधीचा तो पत्की, तो फितूर झाला असणार. तरीच निघून गेला.”

“काका, सर्व्हरचा पासवर्ड पत्कींकडं होता आणि अण्णांकडं होता.”

“मग पत्कीच. अण्णा स्वतःच्या नळाला भोक पाडतील का? ही सगळी गिऱ्हाईकं नरसव्वाची. जुनी. मी पत्रं लिहून लिहून जोडलेली. आणि तिकडं तो भाऊ बसून पाणी भरतोय. येऊ देत अण्णा. आता नुसती भिंत नाही, वर काचा लावतील.”

भिंतीपलीकडच्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण अण्णांचं “असू दे” मी ऐकलं होतं. आता हे त्यांना सांगितलं की दोघांत उरलंसुरलं जे काही असेल ते तुटणार आणि तोडणारा हात माझा असणार, असं वाटत राहिलं. न सांगून मात्र भागणार नव्हतं. ती पत्रं कुणाच्या तरी वाटेची होती आणि माझ्याकडं अडकून पडली होती.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी अण्णा आले. टॉवेल खांद्यावर, डोळे प्रवासानं तांबारलेले.

“टपाल आली का गं?”

हिरेमठकाकांनी मला बोलूच दिलं नाही. पाइप, नळ, पत्की, फितुरी, सगळं एका दमात ओतलं. अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. पुढ्यात चहा होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. काकांचं संपल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“म्हणजे त्याची टपाल बंद झाली?”

“हो. तुम्ही गेल्यापासून इथंच अडकलीय.”

“चालू कर.”

काका खुर्चीतून अर्धे उठले. “अण्णा, चोरी आहे ही.”

“माझ्या घरात मी कसला चोर? मीच लावायला सांगितलं होतं पत्कीला.” मग हळू, त्यांच्या आवाजाला शोभणार नाही इतकं हळू म्हणाले, “पुरुषोत्तमची टपाल पुरुषोत्तमला. त्यात काय एवढं. सुनेत्रा, त्या नवीन सॉफ्टवेअरनं हे का नेलं नाही? तू तर म्हणालीस, सगळं नेतं.”

“पत्रं नेतं, अण्णा. पण पत्रांचं काय करायचं म्हणून कुणी सांगून ठेवलेलं असतं, ते कुठलंच सॉफ्टवेअर नेत नाही. ते मागंच राहतं. ज्यानं सांगितलं त्यानं नव्या जागी परत सांगावं लागतं.”

“असं आहे होय.”

त्यांनी चहाची कपबशी थोडी पुढं सरकवली, परत मागं घेतली. मी सूचना लावायला बसले. काका खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांना रागवायचं होतं, पण कुणावर रागवावं ते सापडत नव्हतं. आणि खिडकीतूनच त्यांना दिसलं.

“अण्णा,” काका म्हणाले. “पुरुषोत्तमशेठ आलेत.”

मी मान वर केली. फाटकातून एक सडपातळ माणूस येत होता. फोटोतल्या नरसव्वाचं नाक. वॉचमनला त्याला अडवावं की सलाम करावा ते कळेना. त्यानं काठी आडवी धरली आणि दुसऱ्या हातानं सलामही केला. पुरुषोत्तमशेठ काठीखालून वाकून आत आले. हापिसच्या दारात चपला काढल्या.

“बस,” अण्णा म्हणाले.

“बसायला नाही आलो.”

“मग उभा राहा.”

दोघं मराठीत बोलत होते. ते माझ्या आधी काकांच्या लक्षात आलं. त्यांनी मला डोळ्यानं खुणावलं. घरात तेलुगू बोलणारे दोन भाऊ एकमेकांशी मराठीत बोलत होते, बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसे.

“टपाल येईना झाली,” पुरुषोत्तमशेठ म्हणाले.

“ही पोरगी दार बदलतीय. त्यात अडकली. लावतीय ती, येईल आता.”

“टपालीसाठी नाही आलो.” ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. “इतके दिवस गाडीपण दिसली नाही. तुझ्या वॉचमनला विचारलं तर म्हणाला, अण्णा हैदराबादच्या बाजूला गेलेत. तिकडं माणसं दवाखान्यालाच जातात.”

“करीमनगरला गेलो होतो. राधव्वाच्या पोरीचं लग्न. तुला पत्रिका आली असेल की.”

“आली होती. तू जाणार म्हणून मी गेलो नाही.”

अण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं. घाम नव्हता. “तू येणार म्हणून मी हळदीच्या आधीच जाऊन बसलो,” म्हणाले. “तू आला नाहीस म्हणून जेवणाला न थांबता निघालो.”

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला. मी पडद्याकडं बघत होते, पण अक्षरं दिसत नव्हती.

“मला वाटलं,” पुरुषोत्तमशेठ म्हणाले, “अण्णा खुर्चीवर नाही, म्हणून पाठवणारं कुणी नाही.”

“मी कुठं पाठवतो? यंत्र पाठवतं ते.”

“यंत्राला कुणी सांगितलं?”

अण्णांनी कपबशी परत पुढं सरकवली.

“म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं?” काकांना राहवलं नाही. “टपाल इकडून येते म्हणून?”

“हो, काका. प्रत्येक पत्रावर तुमच्या सर्व्हरचं नाव असतं. आधी मी ते बघून न बघितल्यासारखं करून पुढं जायचो. नंतर पत्र वाचायच्या आधी तेच बघायला लागलो.” मग ते अण्णांकडं वळले. “पलीकडं गेलो तेव्हा माझं म्हणून एक गिऱ्हाईक नव्हतं. माग होते, माणसं होती आणि काम नव्हतं. या टपालीवर उभा राहिलो मी. कधी बोललो नाही. उपकार आहेत तुझे, अण्णा.”

“तो शब्द काढू नको.”

“कुठला?”

“उपकार.”

“का काढू नये?” हिरेमठकाका आता पूर्ण फिरले होते, मघाशी चोरी म्हणणारा माणूस डोळे भरून उभा होता. “दुसरा असता तर गिऱ्हाईकं गिळून ढेकर दिला असता. ज्यानं नावाला डाग लावला त्यालाच वाटा दिला तुम्ही. देवमाणूस आहात अण्णा. मी आज तोंडावर सांगतो, देवमाणूस.”

“हिरेमठ, गप बस.”

अण्णांनी त्यांना कधी असं म्हटलं नव्हतं. काका खाली बसले. पुरुषोत्तमशेठचा चेहरा मात्र तसाच होता. डाग हा शब्द ऐकून त्यांनी नुसती मान खाली घातली, सवय झालेला माणूस घालतो तशी. अण्णा ते बघत होते. भावाच्या खाली गेलेल्या मानेकडं ते इतका वेळ बघत राहिले, की मी सूचना लावून झाली हे सांगायचं विसरले.

मग ते उठले. भावाचं मनगट धरलं.

“रा,” म्हणाले.

रा म्हणजे ये. त्या सकाळी दोघांत आलेला तो पहिला तेलुगू शब्द.

अण्णा पुढं, पुरुषोत्तमशेठ मागं, त्यांच्या मागं काका आणि मी. हापिसातून बाहेर, रंगखात्याच्या दारावरून थेट मागांच्या शेडमध्ये. खडखडाट नेहमीसारखा छातीवर आदळला. कामगार बघत होते, हात चालत होते. जुनी माणसं पुरुषोत्तमशेठना बघून अर्धी उठत, अण्णांना बघून परत बसत.

अण्णा मधोमध जाऊन थांबले. मुकादमाला हात केला.

“माग बंद कर.”

“शेठ?”

“सगळे.”

एकेक माग थांबत गेला. भर दिवसा आमचे माग लाइट गेल्याशिवाय कधी थांबत नसत. त्यामुळं काठ शिवणाऱ्या बायांनी मान वर करून आधी दिव्यांकडं बघितलं. दिवे चालू होते. शेवटचा माग थांबला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की त्या शेडच्या पत्र्यावर चिमण्या असतात आणि त्या बोलतात.

अण्णा बोलायला लागले आणि त्यांचा आवाज पत्र्यावर जाऊन आपटला. एवढ्या शांततेत बोलायची त्यांना सवय नव्हती. ते थांबले, घसा साफ केला आणि हळू आवाजात परत सुरुवात केली.

“इथंच उभा राहून मी बोललो होतो. तुमच्यातले पुष्कळ जण होते तेव्हा. काय बोललो ते तुम्हाला ठाऊक आहे.”

मुकादमानं मान हलवली.

“अण्णा, राहू दे,” पुरुषोत्तमशेठ म्हणाले. “झालं ते.”

“नाही झालं.” अण्णांनी त्यांचं मनगट सोडलं नव्हतं. “लाल माल यानं पास केला नव्हता. त्या दिवशी याची बायको दवाखान्यात होती, हा तिच्यापाशी होता. बाहेर कंटेनर उभा, बोटीची वेळ झालेली. जाताना हा मला सांगून गेला होता, अण्णा, धुतल्याशिवाय सोडू नको.”

एका बाईनं पदर तोंडाला लावला. हिरेमठकाका मागाच्या खांबाला धरून उभे होते.

अण्णा भावाकडं वळले. आता ते कामगारांशी बोलत नव्हते.

“मी सोडला, तम्मी. तो माल मी सोडला.”